पालकातला पिवळा : शाळेच्या प्रकल्पाच्या नोंदी

१५ सप्टेंबर २०२५, सोमवार

विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या गटाचा विषय आज ठरला : भाज्या-फळांतले पिवळे, केशरी रंग आणि आपले डोळे. गटात नववीची पाच मुलं आहेत, तीन मुली आणि दोन मुलगे. विषय मी दिलेला नाही. मधल्या रांगेत एक मुलगी बसते, उणे साडेपाचचा चष्मा, वर्गात सहसा बोलत नाही. तिनेच विचारलं, "मॅडम, गाजर खाल्लं की चष्मा जाते का, हे करू ना आपण?" बाकीचे हसले, ती हसली नाही. मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवून विचारलं तेव्हा कळलं की वर्षभरापासून तिची आजी रोज सकाळी गाजर किसून देते, गाजर चांगलं मिळत नाही तेव्हा पपई. नंबर मात्र वाढतोच आहे.

उत्तर मला माहीत आहे. पण आजच देऊन टाकलं तर ते माझंच उत्तर राहील, तिचं होणार नाही. तिने आधी पानातून रंग काढावा, तो डोळ्यात जाऊन काय करतो ते समजून घ्यावं आणि मग आपणच तिथवर यावं.

माझं स्वतःचंही एक कारण आहे. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. दोन वर्षांपूर्वी पेपर वाचताना डाव्या डोळ्याला ओळीतली मधलीच अक्षरं पुसट दिसायला लागली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पीतबिंदूची, म्हणजे डोळ्याच्या पडद्यावरच्या मधल्या पिवळसर ठिपक्याची झीज, कोरडा प्रकार, मधली पायरी. तेव्हापासून आमच्या फ्रिजवर दहा बाय दहा सेंटिमीटरची चौकटींची जाळी चिकटवलेली आहे, ॲम्सलर नावाच्या स्विस डॉक्टरांची. रोज सकाळी चहाच्या आधी आई वाचायचा चष्मा लावते, फूटभर अंतरावर उभी राहते, एकेक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे पाहते. रेघा वाकड्या दिसल्या तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. या पीतबिंदूला पिवळेपणा येतो कुठून? तो पानांतून, दाण्यांतून, अंड्यातून येतो. शरीर तो तयार करू शकत नाही. हे मला मुलांना डोळ्यांनी दाखवायचं आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार

शाळा सुटल्यावर दोन मुलींना घेऊन नागपूरच्या सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात गेले. पालकाच्या दोन जुड्या, चवळई, मुनग्याचा पाला, गाजर, बीट, सांभार आणि कोहळ्याची एक फोड घेतली. (पुण्याकडच्या वाचकांसाठी : आमच्याकडे कोहळं म्हणजे लाल भोपळा, ज्याची बाकरभाजी होते तो; सांभार म्हणजे कोथिंबीर, मुनगा म्हणजे शेवगा.) भाजीवाल्या मावशींनी मुनग्याचा पाला तसाच देऊन टाकला. म्हणाल्या, "याले कोण घेते जी आता?" मला वाईट वाटलं. अ जीवनसत्त्वासाठी इतकी चांगली पालेभाजी, परसात आपोआप वाढणारी, आणि तिला गिऱ्हाईक नाही.

रात्री आकडे काढले. शंभर ग्रॅम गाजरात बीटा कॅरोटीन, म्हणजे गाजराचा केशरी रंग, साधारण ८ मिलिग्रॅम. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात ल्युटिन आणि झिॲझॅन्थिन, म्हणजे पीतबिंदूतली पिवळी द्रव्यं, मिळून साधारण १२ मिलिग्रॅम. आई डोळ्यांसाठी घेते त्या गोळीचं लेबल वाचलं : ल्युटिन १०, झिॲझॅन्थिन २. बेरीज तीच! अर्थात पानातलं सगळं रक्तात उतरत नाही, शिवाय गोळीत जस्त, तांबं, क आणि ई जीवनसत्त्व हेही असतं, म्हणून गोळीच्या जागी जुडी असा हिशोब करता येत नाही. तरी तो आकडा पाहून मी बराच वेळ ती जुडी हातात धरून बसले होते.

२० सप्टेंबर, शनिवार

पहिली पट्टी फसली.

पालक खलबत्त्यात कुटला, स्पिरिट घालून गाळला, गडद हिरवा अर्क आला. गाळणकागदाच्या पट्टीवर ठिपका दिला आणि पट्टी स्पिरिटमध्येच उभी केली. सगळा रंग एकगठ्ठा वर चढला, वर हिरवी झालर आणि खाली काही नाही. दुसरी चूक मुलांच्या हातून झाली, पण सांगायला हवं होतं मी : खुणेची रेघ बॉलपेनने ओढलेली होती, त्यामुळे पेनाची निळी शाईसुद्धा पळायला लागली. एकाला वाटलं, पालकात निळा रंग सापडला. तो इतका खूश झाला होता की त्याला पेनाची गोष्ट सांगताना मला जड गेलं.

स्पिरिट सगळ्याच रंगांना सारखंच ओढून नेतं, म्हणून ते वेगळे होत नाहीत. काहींना हवंसं आणि काहींना नकोसं वाटेल असं द्रावण पाहिजे.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पेट्रोलियम ईथर मिळालं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या एका जुन्या मैत्रिणीने छोटी बाटली दिली. ॲसिटोन शाळेत आहेच. दोन्ही झटकन पेट घेतात, म्हणून खिडक्या उघड्या, ज्योत बंद, आणि ओतायचं मीच.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज झालं.

नऊ भाग पेट्रोलियम ईथर, एक भाग ॲसिटोन. लोणच्याची उंच बरणी, झाकणाला आतून पट्टी टांगलेली. खुणेची रेघ पेन्सिलीची. पालकाचा अर्क आज ॲसिटोनमध्ये काढला आणि दातकोरणीच्या टोकाने एकाच जागी पंधरा वेळा ठिपका दिला, दर वेळी फुंकर घालून वाळवत. हे काम चष्म्यावाल्या मुलीने मागून घेतलं. चष्मा कपाळावर सरकवून, पट्टीला जवळजवळ नाक टेकवून ती ठिपके देत होती, आणि पंधराही ठिपके एकावर एक बसले. निकटदृष्टीच्या माणसाला जवळचं किती बारीक दिसतं ते मी प्रथमच इतक्या जवळून पाहिलं.

झाकण लावल्यावर दोन मिनिटांत हिरवा ठिपका ताणायला लागला. मग त्याच्या डोक्यातून एक केशरी-पिवळी रेघ सुटली आणि थेट ओलाव्याच्या टोकाबरोबर पळत वर गेली. तिच्या खाली, बरंच मागे, स्वच्छ लिंबासारखा पिवळा पट्टा. त्याच्या खाली निळसर हिरवा आणि सगळ्यात मागे पोपटी. चार रंग. कोणी बोलत नव्हतं. मग एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, हे सगळं पालकातच होतं?"

होतं. हिरवा रंग इतका दाट असतो की पिवळे त्याच्याआड झाकून जातात. वरची केशरी रेघ कॅरोटीनची. १८३१ मध्ये वाकेनरोडर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने तो पदार्थ गाजरातून वेगळा काढला, म्हणून नाव गाजरावरून पडलं. तिच्या खालचा लिंबू-पिवळा पट्टा झँथोफिलचा, आणि पालकाच्या बाबतीत त्यात मोठा वाटा ल्युटिनचा. आईच्या पीतबिंदूत आहे ते हेच. खालचे दोन्ही हरितद्रव्यं. रंग असे उलगडण्याची रीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने काढली, खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पानांचा अर्क ओतून. रशियन भाषेत 'त्स्वेत' म्हणजेच रंग. मुलांना ही गोष्ट फार आवडली, सगळ्यांनी वहीत त्याचं नाव दोनदा लिहिलं.

गाजराची पट्टीही केली. तिच्यावर फक्त वरची केशरी रेघ, ठसठशीत. लिंबू-पिवळ्याची जागा जवळजवळ कोरी. ज्या पट्ट्याची डोळ्याच्या मध्यभागी गरज, तो गाजरापेक्षा पालकात किती तरी जास्त, हे आज कागदावर उतरलं.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी बर्डीला (सीताबर्डीच्या बाजारात) झेंडू घ्यायला गेले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ढीग, पोत्याच्या पोती. डोळ्यांच्या गोळ्यांतलं ल्युटिन बहुतेक याच फुलाच्या पाकळ्यांतून काढतात. कोंबड्यांच्या खाद्यातही झेंडूचा अर्क घालतात, बलक गडद पिवळा व्हावा म्हणून. तोरण ओवताना आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे दाराला लावते तेच डोळ्यात घेते मी." पावशेर फुलं पट्टीसाठी बाजूला काढून ठेवली.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

आज मुलांना घरी एक काम दिलं होतं. गच्चीवर दिवे बंद करून अर्धा तास बसायचं, मोबाइल नाही. मग लाल, हिरवा, निळा असे तीन कापडाचे तुकडे चांदण्यात धरून रंग ओळखायचे.

मीही केलं. दूध आटवून होईपर्यंत गच्चीवर बसले. पहिली पाच मिनिटं टाकीसुद्धा धड दिसत नव्हती, अर्ध्या तासाने कुंडीतल्या तुळशीच्या मंजिऱ्या दिसायला लागल्या. पण रंग नाहीत. लाल तुकडा काळा दिसत होता.

दृष्टिपटलावर साधारण १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकूपेशी असतात. रंग शंकूपेशी ओळखतात, पण त्यांना उजेड भरपूर लागतो. मंद प्रकाशात काम दंडपेशींचं. त्यांच्यात ऱ्होडॉप्सिन नावाचं द्रव्य असतं, आणि त्याचा एक भाग म्हणजे अ जीवनसत्त्वापासून बनलेलं रेटिनल. उजेडाचा कण पडला की रेटिनलची वाकडी साखळी सरळ होते, त्या एका हालचालीतून मेंदूला खबर जाते. हे उलगडल्याबद्दल जॉर्ज वाल्ड यांना १९६७ चं नोबेल मिळालं. अंधारात बसल्यावर हळूहळू दिसायला लागतं ते ऱ्होडॉप्सिन पुन्हा भरून येतं म्हणून. अ जीवनसत्त्वच कमी असेल तर ते भरून येत नाही. तोच रातांधळेपणा.

आणि हे अ जीवनसत्त्व गाजरातल्या, कोहळ्यातल्या, चवळईतल्या बीटा कॅरोटीनपासून आपलं आतडं तयार करतं. लांब रेणू मधोमध तोडायचा, दोन तुकडे. अन्नातलं १२ मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीन शरीरात १ मायक्रोग्रॅम रेटिनॉलच्या तोलाचं धरतात. ल्युटिनपासून मात्र अ जीवनसत्त्व होत नाही, त्याचं काम वेगळं. एकाच पानातून दोन पिवळे निघतात आणि डोळ्यात दोन वेगळ्या ठिकाणी कामाला लागतात.

८ ऑक्टोबर, बुधवार

झेंडूच्या पट्टीने सगळ्यांना कोड्यात टाकलं. ल्युटिन म्हणजे लिंबू-पिवळा, मधल्या जागेवर थांबणारा पट्टा, असं आम्ही पालकावरून ठरवलं होतं. झेंडूचा पिवळा मात्र तिथे थांबलाच नाही, वर कॅरोटीनच्या शेजारी जाऊन बसला. एका मुलाने लगेच वहीत लिहिलं, "झेंडूत ल्युटिन नाही." मी त्याला थांबवलं, पण उत्तर माझ्याकडेही लगेच नव्हतं. घरी जाऊन वाचावं लागलं.

झेंडूत ल्युटिनच असतं, पण मोकळं नसतं. त्याच्या दोन्ही टोकांना मेदाम्ल जोडलेली असतात. अशी स्निग्ध शेपटी लागल्यावर ते पेट्रोलियम ईथरबरोबर सुसाट वर जातं. कारखान्यात त्याच्यावर अल्कलीची क्रिया करून, म्हणजे साबण करतात तसंच काहीसं करून, ल्युटिन सोडवून घेतात. आपल्या पोटातली विकरंही ती मेदाम्लं तोडू शकतात. उद्या वर्गात हे सांगायचं, आणि त्या मुलाने खोडलेलं वाक्य तसंच ठेवायला लावायचं. खोडलेलं वाक्य वहीत असलंच पाहिजे.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज तिनेच विषय काढला. गट गेल्यावर मागे थांबली. "मॅडम, पट्टीत तर सगळं दिसलं. पण मग माझा चष्मा?"

फळ्यावर दोन डोळे काढले. एक गोल, एक मागून किंचित लांबट. गोल डोळ्यात भिंगातून आलेली किरणं बरोबर पडद्यावर जुळतात. लांबट डोळ्यात पडद्याच्या आधीच जुळतात, म्हणून लांबचं धूसर. तुझा डोळा असा आहे, म्हणाले, आणि कोणतंही गाजर, कोणतीही गोळी डोळ्याची लांबी कमी करत नाही. चष्मा किरणांना थोडं फाकवतो आणि चित्र परत पडद्यावर पाडतो. यात तुझी काही चूक नाही, आजीचीही नाही.

ती गप्प राहिली. डोळे भरले होते का, भिंगांमुळे कळलं नाही. मग म्हणाली, "मग सगळे असं काऊन म्हणतात?"

कारण त्यात निम्मं खरं आहे, असं सांगितलं. ज्याला अ जीवनसत्त्वाची उणीव आहे त्याला गाजर, पालक, मुनगा खाल्ल्याने खरंच फरक पडतो, काही मुलांची तर दृष्टी त्याने वाचते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी तर मुद्दाम पसरवलं की त्यांचा वैमानिक जॉन कनिंगहॅम गाजरं खातो म्हणून त्याला रात्री शत्रूची विमानं दिसतात. खरं कारण विमानातलं रडार होतं, आणि ते त्यांना उघड करायचं नव्हतं. गाजराची कीर्ती तेव्हापासून जास्तच पसरली.

आणि एक सांगितलं, जे तिच्या उपयोगाचं आहे : लहान वयात रोज दोनेक तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात घालवणाऱ्या मुलांमध्ये निकटदृष्टी सुरू होण्याचं प्रमाण कमी आढळतं. तिला चष्मा लागून गेला, पण तिचा धाकटा भाऊ दुसरीत आहे. ती म्हणाली, "तो तर दिवसभर मोबाइल पाहते."

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

मामा आईकडून ओवाळून घ्यायला आले. सदुसष्ट वर्षांचे, चाळीस वर्षं बिडी. जेवण झाल्यावर खिशातून डबी काढून आईसमोर ठेवली. "तुले डोळ्यासाठी घे म्हटलं. म्या दोन महिन्यांपासून खाऊन राहिलो. दुकानदारानं देल्ली, चांगली हाय म्हणे."

मी लेबल वाचलं. बीटा कॅरोटीन, १५ मिलिग्रॅम.

मला बसल्या जागी घाम फुटला. १९९४ चा फिनलंडचा प्रयोग मी या प्रकल्पासाठीच वाचला होता. सिगारेट ओढणारे २९,१३३ पुरुष. आशा अशी की कॅरोटीनने फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल. रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत तो उलट १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतला तसाच दुसरा प्रयोग १९९६ मध्ये याच कारणाने मुदतीआधी थांबवला गेला.

"मामा, ही आजपासून बंद करा," म्हणाले. "अवं, डोळ्यासाठीच त हाय," ते म्हणाले. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. आई ऐकत होती. शेवटी मामांनी डबी माझ्या हातात दिली आणि विचारलं, "मंग गाजर खाऊ का नको?" गाजर खा मामा, रोज खा, म्हणाले. भाजीतल्या कॅरोटीनने असं काही होत नाही. गोळीत ते एकटं आणि मोठ्या मात्रेत येतं, आणि धूर भरलेल्या फुप्फुसात तेच उलटं वागतं. बिडीचंही बोलले. "सोडतो न वं," म्हणाले, दर वर्षी म्हणतात तसं. पण या वेळी जाताना अंगणात त्यांनी बिडी पेटवली नाही.

ज्या दुकानातून ही डबी आली तिथे कोणी त्यांना विचारलं नव्हतं की तुम्ही बिडी ओढता का. एवढा एक प्रश्न.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आईला तपासणीला नेलं, मामांनाही सोबत. डॉक्टरांनी मामांचे डोळे पाहिले. मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झालेलं, पीतबिंदू ठीक. त्यांना कुठल्याच गोळीची गरज नाही.

आईच्या गोळीबद्दल मी स्पष्ट विचारून घेतलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेच्या मोठ्या चाचणीचा निकाल २००१ मध्ये आला. क आणि ई जीवनसत्त्व, बीटा कॅरोटीन, जस्त आणि तांबं असं मिश्रण घेणाऱ्या, झीज मधल्या पायरीवर असलेल्या रुग्णांत ती पुढच्या टप्प्यावर जाण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. २०१३ च्या दुसऱ्या चाचणीनंतर त्यातलं बीटा कॅरोटीन काढून १० मिलिग्रॅम ल्युटिन आणि २ मिलिग्रॅम झिॲझॅन्थिन घालायचं ठरलं. आईची गोळी ही दुसरी. गेलेली नजर ती परत आणत नाही, पुढची घसरण लांबवू शकते. ज्यांचे डोळे धड आहेत त्यांना किंवा अगदी सुरुवातीच्या झिजेत तिचा फायदा दिसलेला नाही. मोतीबिंदूही टळत नाही.

"आणि पालक?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, तो सगळ्यांनीच खावा. आई हसली.

८ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टीनंतरचा पहिला शनिवार. तेल आणि पाणी.

चार परीक्षानळ्या. दोन नळ्यांत गाजराचा कीस, एकीत कोमट पाणी, दुसरीत कोमट शेंगदाणा तेल. उरलेल्या दोघींत बीट, तसंच. दहा मिनिटांनी गाजराचं तेल केशरी, पाणी जेमतेम गढूळ. बीटाचं उलट, पाणी लालभडक आणि तेल जसंच्या तसं. बीटाचा रंग कॅरोटिनॉइड, म्हणजे कॅरोटीन-ल्युटिनच्या कुळातला, नाही, तो पाण्यात विरघळणारा वेगळा रंग आहे.

गटातल्या एका मुलाच्या वडिलांची तर्री-पोह्यांची गाडी आहे. केशरी तेलाकडे बघत तो म्हणाला, "मॅडम, ही तर तर्री झाली!" अगदी बरोबर. तिखटाचा लाल रंग मुख्यतः कॅप्सान्थिनचा आणि तोही कॅरोटिनॉइडच, म्हणून रश्शाचा रंग तेलात उतरतो आणि तेल वर तरंगतं. कॅप्सान्थिनपासून अ जीवनसत्त्व होत नाही, हेही लगेच सांगितलं, नाहीतर प्रदर्शनात तर्री डोळ्यांचं औषध झाली असती. त्याने मान डोलावली. दुसऱ्याने हळद टाकून पाहिली, तेल पिवळं झालं आणि तो म्हणाला, "हळद पण कॅरोटिनॉइड!" नाही. तेलात उतरणारा प्रत्येक पिवळा कॅरोटिनॉइड नसतो. हळदीचा रंग कुरकुमिनचा, त्याची घडणच वेगळी.

आतड्यातही हाच नियम. जेवणात थोडं तेल-तूप नसेल तर कॅरोटिनॉइड फारसं शोषलं जात नाही, बरंचसं नुसतंच निघून जातं. शिजवल्याने पेशींच्या भिंती फुटून रंग मोकळा होतो. म्हणजे फोडणी घातलेली पालकाची पातळ भाजी, जवसाची चटणी आणि भाकर हे जेवण डोळ्यांच्या दृष्टीने उपाशीपोटी घेतलेल्या गाजराच्या रसापेक्षा सरस. अंड्याच्या बलकात ल्युटिन पालकापेक्षा खूप कमी, पण ते तिथल्याच मेदात विरघळलेलं असल्यामुळे चांगलं अंगी लागतं.

चष्म्यावाल्या मुलीने वहीत काहीतरी खूण केली. विचारलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

तक्त्याच्या मजकुरावर दोन तास गेले. एका मुलाचा हट्ट, तक्त्याच्या मध्यभागी संत्रा हवा. "नागपूर आहे मॅडम!" मलाही संत्रा प्रिय आहे, आंबिया बहाराचा माल आत्ता बाजारात भरून आहे, घरी टोपली आहे. पण खरं तेच लिहायचं. संत्र्यात बीटा क्रिप्टोझँथिन असतं, त्यापासून अ जीवनसत्त्व होतं, बीटा कॅरोटीनच्या निम्म्या हिशोबाने. वजनाला वजन धरलं तर अ जीवनसत्त्वात गाजर संत्र्याच्या वीस पटींच्या आसपास आहे. संत्रा कोपऱ्यात गेला, पण गेला. मुलगा थोडा नाराज आहे. मध्यभागी पालकाचं पान.

एका मुलीची आई अंगणवाडी सेविका आहे. तिने आईला विचारून अ जीवनसत्त्वाच्या डोसांचं वेळापत्रक आणलं : नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर १ लाख युनिट, मग दर सहा महिन्यांनी २ लाख, पाच वर्षांचं होईपर्यंत एकूण नऊ डोस. तक्त्यावर हा भाग तिच्याच अक्षरात राहील.

१० डिसेंबर, बुधवार

पट्ट्या उडाल्या.

सप्टेंबरच्या सगळ्या पट्ट्या तक्त्यावर चिकटवून प्रयोगशाळेच्या खिडकीजवळ ठेवल्या होत्या. आज पाहिलं तर केशरी रेघा पार गेलेल्या, हिरवा मातकट झालेला. परवा प्रदर्शन. मुलांचे चेहरे पडले आणि चूक माझी होती, ऊन त्या खिडकीतून येतं हे मला माहीत होतं.

पण कारण समजण्यासारखं आहे. बीटा कॅरोटीनच्या रेणूत एकाआड एक दुहेरी बंध असतात, अकरा. निळा प्रकाश शोषण्याची ताकद त्यांच्यामुळेच, केशरी दिसणंही त्यामुळेच. ऊन आणि हवा लागली की तेच बंध तुटत जातात. पीतबिंदूतलं ल्युटिन आणि झिॲझॅन्थिनही हेच करत असतं : डोळ्यात शिरणारा निळा प्रकाश मधल्या नाजूक पेशींवर पडण्याआधी काही अंशी आपल्यावर घेतं, आणि उजेडामुळे तयार होणारे विध्वंसक ऑक्सिजनचे कणही शमवतं. असं झिजणारं द्रव्य पुन्हा पुन्हा जेवणातूनच भरून येणार. तक्त्यावरच्या उडालेल्या पट्ट्या काढायच्या नाहीत, त्यांच्या शेजारी ताज्या लावायच्या, असं ठरलं. ही कल्पना मुलांची.

११ डिसेंबर, गुरुवार

साडेसहापर्यंत थांबून नव्या पट्ट्या केल्या. पालक, गाजर, चवळई, झेंडू. काळ्या कागदात गुंडाळून कपाटात.

१३ डिसेंबर, शनिवार

प्रदर्शनाचा दुसरा दिवस. गर्दी चांगली. लोक थांबले ते उडालेल्या आणि ताज्या पट्ट्यांच्या जोडीपाशी आणि तर्रीच्या नळीपाशी.

दुपारी एक बाई सात-आठ वर्षांच्या चष्मा लावलेल्या मुलाला घेऊन आल्या. "काय खायला द्यावं म्हणजे याचा नंबर उतरेल?" प्रश्न मला होता, पण आमची चष्म्यावाली पुढे झाली. तिने कार्डशीटचे दोन डोळे दाखवले, गोल आणि लांबट. "नंबर नाही उतरत जी काकू. माझा पण नाही उतरला. पण डॉक्टरकडे दर वर्षी नेत जा, आणि याला ग्राउंडवर खेळू द्या. पालक खाऊ घाला, पण फोडणीचा." बाईंनी तिच्या चष्म्याकडे पाहिलं आणि मग तक्ता पूर्ण वाचला.

मामा आले होते. पट्ट्यांपाशी बराच वेळ उभे होते. डबी आता माझ्या कपाटात आहे, झाकणावर मी तारीख लिहून ठेवली आहे.

१५ डिसेंबर, सोमवार

बरण्या धुतल्या, उरलेलं पेट्रोलियम ईथर मैत्रिणीकडे परत. आईची जाळी आज सकाळी : उजवा डोळा स्वच्छ, डावीकडे मधे तोच जुना पुसटपणा, रेघा सरळ.

शाळा सुटताना ती मुलगी एक पट्टी मागायला आली, झेंडूची. उजेडात ठेवू नकोस म्हणणार होते, तोवर तिने ती काळ्या कागदात घालून कंपासपेटीत ठेवलीसुद्धा. जाता जाता म्हणाली, आजीने गाजर बंद केलं नाही, म्हणते सवय झाली आता. फक्त आता किसावर मोहरी-जिऱ्याची फोडणी घालते, आणि धाकट्यालाही देते.